रोमांसाठीचा पैसा: ठरवताना रोमा कुठे असतात?

मृण्मयी (धागाकर्ती)

चेक प्रजासत्ताकात ऑस्ट्रावाला येऊन मला नऊ वर्षं झाली. शनिवारी एका छोट्या संस्थेत रोमा मुलांना गणित शिकवते. पहिल्याच दिवशी सात-आठ वर्षांची एक पोर बोटांवर मोजायला लागली, "येख, दुय, त्रिन, श्तार, पांज..." आणि माझ्या हातातला खडू तसाच राहिला. पाण्याला पानी, नाकाला नाख, मिठाला लोन. आपल्या लोणच्यातलं लोण! हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघून युरोपभर पसरलेली ही माणसं, ज्यांना 'जिप्सी' म्हटलं जायचं.

याच शहरातल्या 18 रोमा मुलांना बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या विशेष शाळांत घातलं होतं. पालक लढले. 13 नोव्हेंबर 2007 ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला.

आता पैशाचं. 2005 ते 2015 हे 'रोमा समावेशनाचं दशक' म्हणून पाळलं गेलं. 2011 मध्ये युरोपियन युनियनचा रोमांसाठीचा पहिला आराखडा आला, 2020 मध्ये 2030 पर्यंतचा दुसरा. त्याच्या नावातच समता, समावेशन आणि सहभाग आहे. तरी युनियनच्याच पाहणीत 2016 मध्ये दहातले आठ रोमा गरिबीच्या छायेत होते, आणि 2021 मध्येही दहातले आठच!

माझ्या मते दोष पैसा वाटण्याच्या पद्धतीत आहे. युनियनच्या निधीतले बरेचसे प्रकल्प आधी खर्च करा, मग पावत्या दाखवून परत मिळवा, या तत्त्वावर चालतात. मोठ्या संस्था, नगरपालिका ते झेपवतात. आमच्या संस्थेत वस्ती आणि शाळा यांच्यात दुवा म्हणून एक रोमा बाई काम करतात. दोन प्रकल्पांच्या मध्ये त्यांचा पगार तीन महिने बंद होता. त्या तरी रोज सकाळी मुलांना ट्रॅमपर्यंत सोडायला यायच्या, आणि संध्याकाळी हॉटेलात भांडी घासायला जायच्या.

रोमा संस्थांना निधीचा ठरलेला हिस्सा थेट, आगाऊ आणि पाच-सात वर्षांसाठी मिळावा, आणि या खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख समितीत त्यांना मताचा अधिकार असावा, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

कौस्तुभ

मृण्मयी, तुमची कळकळ पोचली, पण मागणी पटली नाही. मी स्लोवाकियात कोशित्सेला असतो. इथली लुनिक 9 ही रोमा वस्ती मी पाहिली आहे, तिथल्या हालांबद्दल वादच नाही. पण पूर्व स्लोवाकियातल्या खेड्यात रोमा वस्तीच्या शेजारी जो पेन्शनीवर जगणारा स्लोवाक म्हातारा राहतो, त्याच्याही घरात पैशाची ओढाताणच असते. 'त्यांच्यासाठी' आलेला निधी त्याला दिसतो, आणि पुढच्या निवडणुकीत तो कोणाला मत देतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मदत गरिबी बघून द्यावी, वंश बघून नको.

आणि प्रतिनिधी म्हणजे समाज असं कुठे असतं? हंगेरीत रोमांच्या निवडून आलेल्या राष्ट्रीय रोमा स्वशासन मंडळाकडेच रोजगाराचा मोठा प्रकल्प दिला होता. तो मध्येच बंद करून पैसे परत मागायची वेळ आली. रोजगार ज्यांना मिळायचा होता ते घरीच बसले.

मृण्मयी

कौस्तुभ, युनियनचं धोरणच आहे की निधी रोमांचा स्पष्ट उल्लेख करून द्यावा, पण फक्त रोमांपुरता ठेवू नये. तुमचे म्हातारे आजोबा त्यात बसतात.

फक्त 'गरिबांसाठी' असं लिहिलं की काय होतं ते हंगेरीतल्या ग्योंग्योश्पाता गावात दिसलं. शाळा एकच, सरकारी, सर्वांसाठी. रोमा मुलांचे वर्ग खाली, बाकीच्यांचे वर. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांना सुमारे 99 दशलक्ष फोरिंट भरपाई द्यायला लावली, तर तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी रोख रक्कम देण्यालाच विरोध केला. त्या शाळेचे निर्णय घेताना एक जरी रोमा आई मताच्या अधिकारासह बसली असती, तर?

शर्वरी

मी मानहाइमला राहते. तुम्ही दोघंही गृहीत धरताय की कोण रोमा आहे हे मोजता येतं. जर्मनीत सिंती (जर्मन भागात पूर्वीपासून राहणारा रोमांचाच एक गट) आणि रोमांची केंद्रीय परिषद वांशिक आकडेवारी गोळा करायला विरोध करते. नाझींच्या वंशसंशोधन केंद्राने घराघरांतून वंशावळी लिहून घेतल्या आणि त्याच नोंदींवरून लोकांना छावण्यांत नेलं. आउशवित्सच्या 'जिप्सी छावणी'तल्या उरलेल्यांना 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री मारलं. हा नरसंहार होता हे पश्चिम जर्मनीने मान्य केलं 1982 मध्ये, तेही 1980 साली डाखाउच्या जुन्या नाझी छावणीत सिंतींनी उपोषण केल्यावर. ज्यांच्या आजीचं नाव त्या यादीत होतं, त्यांना 'फॉर्मवर जात लिहा' कसं सांगायचं?

आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने 2013 मध्ये समाजाच्या संघटनेशी रीतसर राज्य करार केला. निधी करारातच आहे, आणि करारानुसार नेमलेल्या परिषदेत सरकारचे व समाजाचे प्रतिनिधी एकत्र बसतात. डोकी मोजल्याशिवायही सहभाग होऊ शकतो.

संजय (सोलापूर)

युरोप मी पाहिलेला नाही. पण इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचं सेटलमेंट (सक्तीची वसाहत) आमच्या सोलापुरात होतं, आणि मी पारधी वस्त्यांवर काम करतो, म्हणून लिहितोय.

कौस्तुभ सर, सर्वांसाठीची योजना वस्तीच्या अलीकडेच थांबते. रेशनकार्डाला पत्ता लागतो, पत्त्याला घर, घराला जागा. 2022 मध्ये केंद्राने भटक्या-विमुक्तांसाठी पाच वर्षांत 200 कोटींची योजना काढली. पण जातीचा दाखलाच नसेल तर पोराने अर्ज कशावर करायचा?

मृण्मयीताई, तुम्हालाही सांगतो. समितीवर घेतलेला आमचा एक कार्यकर्ता वर्षभरात ठेकेदार झाला. नुसत्या खुर्चीने भागत नाही. आलेला पैसा आणि झालेला खर्च वस्तीवर, झाडाखाली, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा. बायका बरोबर विचारतात, "ही ताडपत्री कुठाय?"

कौस्तुभ

संजयराव, पत्त्याचा मुद्दा मान्य. लुनिकमध्येही तीच अडचण ऐकली होती. आणि एक गोष्ट मीच कबूल करतो. इथे सरकारच्या पगारावर वस्तीतल्याच बायका आरोग्य मध्यस्थ म्हणून काम करतात. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, दवाखान्यात सोबत जाणं, हे त्यांच्यामुळे होतं. पण ती नोकरी आहे, हिशेब लागणारी. समितीतल्या राखीव जागेला माझा विरोध कायम आहे.

मृण्मयी

पण ती नोकरी आली कुठून? रोमानियात नव्वदच्या दशकात एका रोमा संस्थेने आरोग्य मध्यस्थ नेमायला सुरुवात केली, 2002 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ते काम स्वीकारलं. मंत्रालयाला हे आधी सुचलं नव्हतं.

संजयदादा, झाडाखालच्या वाचनाचं मी आमच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे झाड नाही, जिन्यात वाचू. काल रात्री आम्ही दोघींनी अंदाजपत्रकाचं पहिलं पान सोप्या चेकमध्ये लिहून काढलं. 'अप्रत्यक्ष खर्च' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, हा कोणाचा? मला नीट सांगता आलं नाही. तुम्ही वस्तीवर हा रकाना कसा समजावता, तेवढं लिहाल का? जिन्यातली सभा गुरुवारी आहे.