मावा दिसला की लगेच फवारू नका
जास्वंदीवर मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) पडला तर कडुनिंबाचं तेल फवारा, हा सल्ला बरोबरच आहे. फक्त त्याआधी पान उलटून बघा. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा मगरीसारखी अळी दिसली तर तिला अजिबात हात लावू नका! ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, मावा नुसता फस्त करते. पहिल्या वर्षी मी कीड समजून अशा सगळ्या चिरडल्या, अजून वाईट वाटतं.

खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी थांबवा. माव्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

तेल वापरायचंच तर १ लिटर पाण्यात ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला.