पेटंटच्या केसमध्ये अडकलेला शेअर ठेवावा की काढावा?

हिंजवडी_लोकल: मंडळी, माझ्याकडे क्वालकॉमचे (मोबाइलच्या चिपवाली अमेरिकन कंपनी) थोडे शेअर आहेत, डॉलर पाठवून घेतलेले. या लायसन्सिंगवाल्या, म्हणजे आपली पेटंट दुसऱ्यांना वापरू देऊन रॉयल्टी घेणाऱ्या कंपन्यांची कोर्टात कुणाशी ना कुणाशी जुंपलेलीच असते आणि बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. बायको म्हणते त्यापेक्षा एफडी काय वाईट होती. तुम्ही काय करता अशा वेळी?

पेठेतला_अण्णा: अहो भाऊबंदकीचा दावा असतो ना शिवाजीनगर कोर्टातला, तसलाच प्रकार. तारखांवर तारखा आणि शेवटी वाटणी ठरते बाहेर बसून. रॉयल्टीच्या रेटची घासाघीस असते ती, दुसरं काही नाही. ॲपलने जानेवारी 2017 मध्ये क्वालकॉमवर केस टाकली, दोन वर्षं नुसती बोंबाबोंब, आणि 16 एप्रिल 2019 ला कोर्टात सुनावणी चालू असतानाच सेटलमेंट. शेअर एका दिवसात 23 टक्के वर. आदल्या आठवड्यात विकून मोकळे झालेले लोक काय म्हणाले असतील विचार करा 😄

कर्वेरोडवाली: अण्णा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. पुढच्याच महिन्यात एफटीसीच्या (अमेरिकेतलं स्पर्धेवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) केसचा निकाल क्वालकॉमच्या विरोधात गेला आणि तोच शेअर दिवसात 11 टक्क्यांच्या आसपास आपटला. अपिलात निकाल फिरला तो थेट ऑगस्ट 2020 ला, तोवर बसा जीव मुठीत धरून. दोन कंपन्या भांडतात तेव्हा रेट कमीजास्त होतो, पण सरकारी खातं मागे लागलं तर धंद्याची पद्धतच बदलायला लावतं, मी तरी त्यालाच घाबरते. आणि क्वालकॉमचा जास्त धंदा चिप विकून होतो हे खरं, पण लायसन्सिंगमध्ये खर्च कमी म्हणून नफ्यात त्याचा वाटा मोठा, तिथे कात्री लागली की दुखतं.

फक्त_वाचक: मी करार कधी संपतोय तेवढं बघतो. सेटलमेंटमध्ये ॲपलने क्वालकॉमशी केलेला लायसन्सचा करार सहा वर्षांचा होता, नंतर मार्च 2027 पर्यंत वाढवलाय. भांडणं नव्याने सुरू होतात ती अशा तारखांच्या आगेमागेच. नोकिया-ओप्पोचंही पेटंटचा करार संपल्यावर 2021 ला पेटलं, मध्ये ओप्पोला जर्मनीत फोन विकणं थांबवावं लागलं, मिटलं जानेवारी 2024 ला. आणि हे काही फक्त तिकडचं नाही हां, दिल्ली हायकोर्टाने 2024 मध्ये लावा या आपल्या मोबाइल कंपनीला पेटंटच्या केसमध्ये एरिक्सनला 244 कोटी द्यायला सांगितले होते.

हिंजवडी_लोकल: मार्च 2027 कॅलेंडरवर लिहिलं. बायकोने विचारलं कुणाचं लग्न आहे का.