आईच्या घराचे पैसे आलेत, पोळीभाजी केंद्र काढायचंय. सल्ला हवा

मीनल_भांडुप
नमस्कार मंडळी. दादरचं आईचं घर नोव्हेंबर २०२५ मध्ये विकलं. भावाची आणि माझी निम्मी-निम्मी वाटणी होऊन माझ्या खात्यात ५८ लाख आलेत. एवढी रक्कम आमच्या घरात एकरकमी कधी आली नव्हती. गृहकर्ज २१ लाख बाकी आहे, मुलगी बारावीला, यांची नोकरी खाजगी. मला भांडुप पश्चिमेला पोळीभाजी केंद्र काढायचंय. त्यासाठी १० लाख ठरवलेत, त्यावर एक रुपया घालणार नाही. बाकीचे कुठे ठेवू आणि धंद्यात काय सांभाळू, एवढं सांगा.

परळकर_अण्णा
आधी एक करा, सगळे पैसे एका बँकेत ठेवू नका. ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाला, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंतच असतो. शाखा चार असल्या तरी बँक एकच धरतात. २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर पुन्हा तीच पाळी आली. अर्धा टक्का जास्त व्याज मिळतंय म्हणून छोट्या बँकेच्या मागे लागू नका. आणि पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना बघा, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के मिळतात.

डोंबिवलीकर_संजय
१० लाखांत काय होतंय? भाड्याच्या गाळ्यात धंदा करणं म्हणजे मालकाचं घर भरणं. मी २०११ ला डोंबिवली पूर्वेला गाळा घेतला, आज त्याच्या भाड्यावर माझा सगळा खर्च निघतो. ५८ मध्ये थोडं कर्ज घाला आणि सरळ गाळा विकत घ्या. भांडुप महाग पडेल, बदलापूरला बघा.

मीनल_भांडुप
अण्णा, माझं वय ४६ आहे, त्या योजनेला साठ लागतात ना? संजयदादा, गिऱ्हाईक भांडुपचं, मग बदलापूरला गाळा घेऊन काय करू?

हिशेबनीस
ताई, गुंतवणुकीआधी कराचं बघा, हे अजून कोणीच सांगितलं नाही. घर आईकडून आलं, त्यामुळे आईची खरेदी धरून हिशेब होतो. घर जुनं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, पण त्यासाठी मूल्यांककाचा दाखला काढून ठेवा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला नफ्यावर १२.५ टक्के सरळ किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, दोन्हींत जो कर कमी येईल तो भरायचा. आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्चला असतो, तो चुकवू नका, व्याज लागतं. कर वाचवायचा तर विक्रीपासून सहा महिन्यांत आरईसी, पीएफसीसारख्या सरकारी कंपन्यांचे करबचतीचे रोखे घ्या, मर्यादा ५० लाख. किंवा दोन वर्षांत दुसरं घर.

गिरगावची_स्वाती
मी सांगते, सोनं घ्या. माझ्या लग्नातलं सोनं आज कुठल्या कुठे गेलंय. आणि रक्कम किती आली हे नातेवाइकांना कळू देऊ नका. माझ्या आतेभावाला स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळाले, त्याने ठाण्यात हॉटेल काढलं. अनामत, फर्निचर, एसी, पाटी यातच बहुतेक पैसे गेले. हॉटेल चालत होतं हो, पण सुरुवातीच्या महिन्यांची तूट भरून काढायला हातात काही उरलं नव्हतं. वर्ष भरायच्या आत शटर ओढलं. मालकाने लॉक-इनवर, म्हणजे मुदतीआधी गाळा सोडायचा नाही या अटीवर, बोट ठेवून अनामतीतून उरलेल्या महिन्यांचं भाडं कापून घेतलं.

कोकणप्रेमी_राजू
सोन्यापेक्षा गावाकडे जमीन घ्या. गुहागरकडे अजून परवडते.

हिशेबनीस
राजू, शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असावं लागतं. ताईंच्या नावावर सातबारा आहे का ते आधी विचारा.

कोकणप्रेमी_राजू
आमच्याकडे बिगरशेती प्लॉटही मिळतात. मी घेतलाय.

परळकर_अण्णा
प्लॉट घेऊन पाच वर्षं झाली तरी रस्ता न आलेली माणसं मला माहीत आहेत. आणि ताई, कोणी आठवड्याला व्याज देतो म्हणाला तर त्याला दारात उभं करू नका. दादरला असंच व्याज देतो म्हणून पैसे बुडवणाऱ्या टोरेस कंपनीच्या दुकानासमोर जानेवारी २०२५ मध्ये लोक छाती बडवत होते, त्यात भाजी विकणारेही होते. पुन्हा सांगतो, बँका वेगवेगळ्या.

मालती_पोळीकेंद्र
मी दादरला बारा वर्षं हाच धंदा करतेय, म्हणून लिहिते. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. फायदा पोळीवर कमी, भाजी, आमटी आणि सणाच्या ऑर्डरींवर जास्त. पोळी दुपारनंतर उरली की ती फुकट गेली, म्हणून पहिले तीन महिने कमीच लाटा. "संपल्या" असं सांगावं लागलं तरी चालेल. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी लवकर येतं.

खरी अडचण माणसांची. होळी आणि गणपतीला लाटणाऱ्या बायका गावी जातात, नेमकी तेव्हाच मागणी असते. आमच्याकडे एकीला वर्षभर अर्ध्या वेळेसाठी ठेवलेलं असतं, तिचा पगार जड वाटतो, पण त्या आठवड्यांत तीच दुकान उघडं ठेवते. मे महिन्यात इमारतीच्या इमारती गावी जातात, विक्री बसते. भाडं मात्र थांबत नाही. त्यामुळे १० पैकी निदान ३ लाख हातात ठेवा, त्यातून फ्रीजसुद्धा घेऊ नका. ऑफिसचे डबे घ्याल तर आठवड्याला पैसे घ्या. महिन्याच्या उधारीवर आमची ओळखीची दोन केंद्रं बसली. करारात लॉक-इन तुमच्यासाठी सहा महिन्यांपेक्षा जास्त असू नये. स्वातीताईंच्या भावाचं वाचून हे मुद्दाम सांगते. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, अन्न परवाना, महापालिकेचा आरोग्य परवाना, सगळं पहिल्या दिवसापासून नावावर हवं.

डोंबिवलीकर_संजय
हे सगळं खरं, पण स्वतःचा गाळा असता तर भाड्याची काळजीच नाही. मी तेच म्हणत होतो.

घाटकोपरचा_निखिल
धंदा नकोच. म्युच्युअल फंडात टाका, थेट योजनेत, आणि नोकरी करा. रोखे पण घ्या, कर कशाला भरायचा?

स्वाती, अण्णा दोघांनी वर सावध केलंय, मीही तेच म्हणेन, घाई नको. रोखे तर घ्याच.
— विक्रोळी_शुभदा

मीनल_भांडुप
सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते सांगते. सीएकडे जाऊन आले. दोन्ही पद्धतींनी हिशेब केला, कर सहा लाखांच्या घरात येतो. तुमच्यापैकी तिघांनी रोखे घ्या म्हटलंत, पण घेणार नाही. कर पूर्ण वाचवायला जवळजवळ सगळी रक्कम पाच वर्षं सव्वापाच टक्क्यांवर अडकते, आणि इकडे गृहकर्जाला साडेआठ टक्के जातात. १५ मार्चच्या आत कर भरते, २१ लाखांचं कर्ज फेडते. महिन्याचा हप्ता थांबला की दुकानाचा वाईट महिनाही घर सोसेल. १८-२० लाख तीन बँकांत मुदत ठेवी करून ठेवते, मुलीच्या शिक्षणाला लागतील. अण्णा, विम्यापेक्षा जास्त जाते, पण त्यातल्या दोन सरकारी बँका आहेत.

केंद्र काढणारच. गाळा भाड्याने, बसायची सोय नाही, फक्त नेण्यासाठी. मालतीताई, तुमचे ३ लाख मी ४ केलेत. शेवटची विनंती, भांडुप पश्चिमेला सकाळी सातच्या आत गहू दळून देणारी गिरणी कोणाला माहीत असेल तर कळवा.