मदत हवी आहे: स्टॉकहोमचा भिंतीवरचा नकाशा, शहर चपटं दिसतंय आणि पूर्वेचं पाणी गायब

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा घेऊन क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉकहोमचा उभा ए2 नकाशा करते आहे. जमीन गडद निळी, रस्ते पांढरे, पाणी फिकट राखाडी. शहर आडवं ताणल्यासारखं दिसतं. शिवाय पश्चिमेचं मेलारेन सरोवर येतं, पण गामला स्तान या जुन्या शहरभागाच्या पूर्वेला, यूरगोर्डन बेटाभोवती पाणीच नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद 1:
पाणी हरवलेलं नाही. गामला स्तानच्या दक्षिण टोकाला, स्लुसेनपाशी सरोवर संपतं आणि बाल्टिक समुद्र सुरू होतो. या डेटात सरोवर बंदिस्त आकार म्हणून असतं, समुद्राची मात्र नुसती किनाररेषा असते. म्हणून 'वॉटर' शोधून समुद्र मिळत नाही. ओएसएमडेटा संकेतस्थळावरून समुद्राचे तयार वॉटर पॉलिगॉन, म्हणजे बंदिस्त आकार, उतरवा आणि तुमच्या चौकटीपुरते कापून घ्या (क्लिप). सरोवराचा थर तसाच ठेवा. ही फाइल तुकड्यातुकड्यांची असते, त्यामुळे बाह्यरेषा दिलीत तर भर समुद्रात सरळ रेघा उमटतील. आधी डिझॉल्व्ह करून तुकडे एकत्र जोडा.

ताणाचं कारण वेगळं. प्रोजेक्टची निर्देशक पद्धत (सीआरएस) ईपीएसजी 4326 असणार, म्हणजे अक्षांश-रेखांशांचे नुसते अंश. 59.33 अक्षांशावर रेखांशाचा एक अंश जेमतेम 57 किमी, अक्षांशाचा 111 किमी. पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच काढले जातात. खाली उजव्या कोपऱ्यात क्लिक करून प्रोजेक्टला ईपीएसजी 3011 द्या, म्हणजे स्वेरेफ 99 18 00 ही मीटरमध्ये मोजणारी स्वीडिश पद्धत. 'सेट लेयर सीआरएस' वापरू नका. त्याने आकडे तेच राहतात, फक्त लेबल बदलतं आणि थर भलतीकडेच जाऊन पडतो.

धागाकर्ती:
दोन्ही जमलं, खूप आभार! आता चाचणी प्रिंटमध्ये गामला स्तानच्या गल्ल्या बुजतात. प्रमाण 1:20,000, रेषा 0.1 मिमी.

प्रतिसाद 2:
गडद रंगावरची पांढरी रेषा म्हणजे कोरा सोडलेला कागद. दोन्ही बाजूंनी शाई आत पसरते आणि रेषा मिटते. मॅट, कोटिंग नसलेल्या कागदावर जास्तच. गल्ल्या 0.25, मुख्य रस्ते 0.6 मिमी करा. खरं माप पाळायचा आग्रह इथे सोडावाच लागतो: मॉर्टेन त्रोत्सिग्स ग्रेंड ही गल्ली सर्वांत अरुंद जागी 90 सेमी आहे, या प्रमाणात ती 0.045 मिमी होईल. तिथल्या गल्ल्या एकमेकींना चिकटल्या तर काही सरळ गाळा, पण ही ठेवाच.

पूर्ण ए2 छापण्याआधी गामला स्तानचा तेवढाच तुकडा ए4 वर, त्याच कागदावर, 100 टक्के आकारात काढा. 'फिट टू पेज' बंद हवं. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयोल्लेख घाला, परवान्याची ती अट आहे. फ्रेमच्या कडेखाली झाकला जाईल इतका टोकाला नको, कडेपासून 15 मिमी आत.