घटस्थापनेआधी जुना टूबीएचके दाखवण्याजोगा करायचा आहे, सुरुवात कुठून?

इंदिरानगरकर
इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा टूबीएचके, कार्पेट साधारण ६५० चौरस फूट, इमारत पंचवीस वर्षांची. मोझॅक फरशी. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत पोपडे. घर रिकामंच आहे, विकायचं आहे. पितृपक्षात कोणी बघायला येणार नाही, म्हणून घटस्थापनेपर्यंत तयार हवं. हातात दोन महिने. रंगारी म्हणतो, पुट्टी मारून आठवड्यात चकाचक करतो. एजंट म्हणतो, किचन ट्रॉल्या नव्या टाका. कोणाचं ऐकू?

थापी_ओळंबा
रंगाऱ्याला आधी थांबवा. ओल्या भिंतीवरची पुट्टी फुगणारच, आणि फुगेल ती नेमकी गिऱ्हाईक यायच्या सुमाराला. पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं आणि पृष्ठभागावर सुकतं, तोच लोणा. वर रंग चढवलात की क्षार रंगामागे साठतात आणि थर ढकलून काढतात.

घर रिकामं आहे ते बरं, पाणी कुठून येतंय ते शोधता येईल. बाथरूम वापरात नसूनही भिंत ओली आहे का? मग मुख्य व्हॉल्व्ह आठवडाभर बंद ठेवा. ओल उतरायला लागली तर भिंतीतला पाइप गळतोय. उतरली नाही आणि झडीच्या पावसानंतर वाढते, तर बाहेरच्या प्लास्टरला किंवा खिडकीच्या कडेला भेग असणार. बाहेरच्या भिंतीचं काम सोसायटीला कळवून करा. पाऊस असो-नसो सारखीच राहते, तर वरच्यांचं बाथरूम बघा. आत्ता कोरडी असेल, तर जाळीत बोळा कोंबून बाथरूममध्ये उंबऱ्याच्या खाली राहील इतकं इंचभर पाणी २४ तास साठवा. भिंत ओली झाली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या, पाणी साठून राहणाऱ्या भांड्याच्या) कडेला. खालच्यांचं छतही बघून या.

सांधे २-३ मिलिमीटर खरवडून, पूर्ण सुकवून मग इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरा. भिंतीचं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत, विटेपर्यंत काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तोच परत मुरतो. नव्या प्लास्टरला ७ दिवस पाणी मारा, नंतर तीन-चार आठवडे सुकू द्या, पावसाळ्यात थोडं जास्तच. सुकलं का, याची खात्री अशी: फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर रंगाचं नाव काढू नका.

पाथर्डी_फाटा
प्लास्टर सुकेपर्यंत मोझॅक पॉलिश उरकून घ्या. रंगानंतर केलंत तर मशीनचे शिंतोडे भिंतीवर फूटभर उडतात. पॉलिशचे दगड ६०, १२०, २२०, ३२० नंबरच्या क्रमाने, भरडापासून बारकाकडे, आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर. घासताना निघणारा रेंदा मात्र नहाणीत सोडू देऊ नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. गोणीत भरून बाहेर काढायला लावा आणि हे ठरवतानाच सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.

रंग फिका, एकच, बिनचकाकीचा. चकाकीत जुन्या प्लास्टरचा प्रत्येक उंचसखल भाग उठून दिसतो. भिंती-छत मिळून दोन-सव्वादोन हजार चौरस फूट भरेल. दोन हातांना २० लिटरची बादली पुरावी.

नव्या ट्रॉल्यांवर पैसे घालू नका. घेणारा बहुतेक वेळा किचन आपल्या मनासारखं करतो. अडकणारे चॅनल, सैल बिजागऱ्या, नळाचे वॉशर बदला. एका खोलीतले बल्ब एकाच रंगाच्या उजेडाचे ठेवा. बघायला आलेले लोक हमखास नळ सोडतात आणि प्रत्येक बटण दाबतात.

बंद घरात कुबट वास येतो, त्याला धूप-अगरबत्ती लावून उपयोग नाही. नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं की ड्रेनेजची हवा आणि झुरळं दोन्ही वर येतात. दर चार दिवसांनी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, वरून चमचाभर खाद्यतेल. पाणी लवकर उडत नाही.

फाईल_तयार_ठेवा
घर आवडलं तरी व्यवहार कागदांवर अडतो. खरेदीखत, इंडेक्स-२ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा दाखला, मंजूर नकाशा, महापालिकेच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला आत्ताच काढून ठेवा. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर सोसायटी देते तसं शेअर सर्टिफिकेट नसतं. त्याऐवजी इमारतीचं घोषणापत्र आणि तुमच्या फ्लॅटचा डीड ऑफ अपार्टमेंट (मालकीचा दस्त) लागतो. कर्ज कधी होतं का? फिटल्याचं पत्र आणि मूळ कागद बँकेतून परत आलेत का, बघा. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल तर ती कार्पेटमध्ये धरून भाव सांगू नका. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) मंजूर नकाशाशी ताडून बघतो, आणि कर्ज तिथेच कमी होतं.

इंदिरानगरकर
व्हॉल्व्ह आजच बंद करतो. पण ओल होती हे घेणाऱ्याला सांगायचं का? एजंट नको म्हणतो.

फाईल_तयार_ठेवा
सांगा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. प्लास्टर काढल्यावरचे, ग्राउट भरतानाचे फोटो काढा, मिस्त्रीकडून तारखेसह पावती घ्या आणि त्याच फाईलमध्ये लावा.

थापी_ओळंबा
आणि त्या भिंतीला कपाट टेकवून ठेवू नका. बघणारा आधी कपाटामागेच डोकावतो.