मदत हवी आहे: वरच्या पहिल्या प्रीमोलरमध्ये (सुळ्यामागची छोटी दाढ) पोस्टसाठी (मुळात बसवायची काडी) भोक किती रुंद करू?

डॉक्टर मंडळी, गोव्यात डिचोलीला माझं छोटं क्लिनिक आहे. परवा एक काका आले. जत्रेतलं कडक खाजं चावताना दात मोडला, आणि तुकडा रुमालात बांधून आणलेला. १४ नंबर, म्हणजे वरचा उजवा पहिला प्रीमोलर. आरसीटी (रूट कॅनाल) तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे केलेली, कॅप घातलीच नाही (नेहमीचं रडगाणं). एक्स-रेत जीपी (मुळात भरलेला गुलाबी गटापर्चा) टोकापर्यंत घट्ट दिसतंय, मुळाच्या टोकाशी काळं काही नाही.

पॅलेटल (टाळूकडची) भिंत शाबूत आहे. बकल (गालाकडच्या) बाजूला मात्र हिरडीवर जेमतेम १ मिमी दात उरलाय. फायबर पोस्ट पॅलेटल कॅनालमध्येच घालणार, कारण बकल मुळाला आतल्या अंगाने खाच असते. पॅलेटल कस्पपासून (दाताच्या चावायच्या टोकापासून) जीपीच्या टोकापर्यंत २० मिमी भरतात. मुळाच्या टोकाशी ५ मिमी जीपी ठेवायचं म्हणून पीझोचा (मुळात फिरवायचं ड्रिल) खोलीची खूण करणारा स्टॉपर १५ वर लावणार.

अडलंय ते रुंदीपाशी. २ नंबरच्या पीझोवर थांबू की ३ घेऊ? मागे एका खालच्या दाढेत ३ फिरवताना गुलाबी जीपीऐवजी दाताचा पांढरा चुरा येऊ लागला, आणि मग लाल, म्हणजे मुळाला भोक पडलं. तेव्हापासून हात थरथरतो. दुसरं, फेरूल (कॅपने धरायला हिरडीवर उरलेला दात) कमी आहे आणि काकांना चतुर्थीआधी कॅप हवीय.

प्रतिसाद: ३ हातात घेऊच नका. तो १.१ मिमीचा, या दाताची मुळं बारीक. रबर डॅम (दात थुंकीपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून आधी गरम प्लगरने (बोथट टोकाच्या हत्याराने) जीपी काढा, मग पीझो १ आणि २ हलक्या हाताने. पीझोचं टोक कापत नसलं तरी कडा डेंटिन (दाताचा आतला भाग) खातात. पोस्ट सैल वाटली तर बारीक पोस्ट शोधा, भोक मोठं करू नका. पोस्ट कोअर (कॅपखाली बांधलेला दाताचा भाग) धरते, दात मजबूत करत नाही. आधीचा सीलर (जीपी चिकटवणारा लेप) युजेनॉलचा (लवंग तेलातला घटक) असू शकतो, भिंती नीट घासून घ्या, नाहीतर रेझिन सिमेंट धरणार नाही. सिमेंट करण्याआधी एक एक्स-रे काढाच.

धागाकर्ता: २ वरच थांबतो. फेरूलचं काय?

प्रतिसाद: १ मिमीवर कायमची कॅप नको, २ तरी हवा. पोस्ट-कोअर करून तात्पुरती कॅप द्या, क्राऊन लेंग्थनिंग (हिरडी कापून जास्त दात उघडा करणं) करा. हिरडी बसायला काही आठवडे जातील. चतुर्थीला तात्पुरत्या कॅपवर नेवऱ्या खातील, खाजं नाही.