रिमोटएफएक्स दुरुस्त न करता काढून टाकलं, ते योग्यच होतं

रात्रपाळी
हायपर-व्ही हे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. त्यात एकच ग्राफिक्स कार्ड अनेक व्हीएमना वाटून देणारी रिमोटएफएक्स व्हीजीपीयू ही सोय होती. जुलै २०२० च्या पॅचने मायक्रोसॉफ्टने ती बंद केली आणि एप्रिल २०२१ मध्ये कायमची काढली. यावर अजून लोक चिडतात. मला तो निर्णय पटतो. गेस्टमधून, म्हणजे व्हीएममधून, आलेला शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचा छोटा प्रोग्रॅम) होस्टवरचा, म्हणजे मूळ सर्व्हरवरचा, कार्डाचा ड्रायव्हर कंपाइल करायचा. म्हणजे भाडेकरूने आणलेलं बोचकं घरमालकाच्या माजघरात सोडायचं. शेडर मुद्दाम वेडावाकडा लिहिला की ड्रायव्हर मेमरीची हद्द ओलांडतो आणि होस्ट हातचा जातो. जुलै २०२० मध्येच सीव्हीई-२०२०-१०३६ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंदणी क्रमांक) धरून अशा सहा त्रुटी जाहीर झाल्या.

सर्व्हरवाला
त्रुटी ड्रायव्हरमध्ये, मग शिक्षा वापरणाऱ्याला का? मी छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो. एका कार्डावर पाच ड्राफ्ट्समन कॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) चालवायचे. मायक्रोसॉफ्टने पर्याय सुचवला डीडीएचा (डिस्क्रीट डिव्हाइस असाइनमेंट), त्यात अख्खं कार्ड एकाच व्हीएमला जातं. पाच माणसांना पाच कार्डं कोण घेऊन देणार? सर्व्हरमध्ये तेवढे स्लॉट तरी असतात का?

रात्रपाळी
खर्चाचं दुखणं खरं आहे. पण ड्रायव्हर किती वेळा शिवणार? २००९ मध्येच सुरक्षा संशोधक कोस्त्या कोर्चिन्स्कीने ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत व्हीएमवेअर या दुसऱ्या कंपनीच्या आभासी डिस्प्ले कार्डातून गेस्टबाहेर पडून दाखवलं होतं. अकरा वर्षांनी पुन्हा ग्राफिक्सचाच दरवाजा. दोष रचनेतच आहे, असं मायक्रोसॉफ्टनेही तेव्हा सांगितलं.

कोकणकडा
व्हीएमवेअरने मात्र व्हीएममधली थ्रीडी ग्राफिक्सची सोय काढली नाही. शेडरच्या त्रुटी तिथेही निघाल्या. पॅच बसेपर्यंत थ्रीडी अ‍ॅक्सेलरेशन बंद ठेवा, असं त्यांनी सांगितलं. ईएसएक्सआय या त्यांच्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मुळातच बंद असतं, ज्याला हवं त्याने चालू करायचं. हा मधला रस्ता इथेही चालला असता.

सर्व्हरवाला
हेच म्हणतोय! क्लाउडवर शेजारच्या व्हीएममध्ये कोण बसलंय माहीत नसतं, तिथे बंद करा. माझ्या गेस्टमध्ये आमचीच पोरं बसतात.

रात्रपाळी
पोरं आपलीच, पण ती उघडतात ती अटॅचमेंट कुणाची? एका गेस्टमध्ये मालवेअर शिरलं की त्याच होस्टवरचं अकाउंट्सचं व्हीएमही गेलं. निदान तेवढं तरी वेगळ्या मशीनवर ठेवा.

सर्व्हरवाला
अकाउंट्सचं मान्य. ते या शनिवारीच हलवतो. कार्डाचं अजिबात मान्य नाही.